आमवात: सांध्यांचा आजार, डोक्याचा इतिहास

आजचा भाग आमवातावर, म्हणजे डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्यावर. आमच्या बुलढाण्याकडं, चिखली-मेहकरच्या खेड्यांत, लोक नुसतं ‘वात धरला’ म्हणतात. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं सकाळी तासभर उघडत नाहीत, हे घरच्यांना दिसतं. ती चिडते, रडते, गॅसवर दूध ठेवून विसरते. तेव्हा मात्र ‘हिचं डोकं फिरलं’. फारच झालं तर सैलानीला न्यायचं.

आता गंमत बघा. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरानं ‘माधवनिदान’ लिहिलं. त्यात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सुजलेल्या सांध्यांबरोबर ‘उत्साहहानि’ आणि ‘निद्राविपर्यय’ हीसुद्धा लक्षणं दिलीत. उमेद जाणं, झोप बिघडणं. तो आमवात म्हणजे तंतोतंत आजचाच आजार, असं छातीठोक म्हणता येत नाही. पण त्या वैद्याच्या यादीत मन होतं!

पुढं 1948. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या 29 वर्षांच्या बाईला कॉर्टिझोन दिलं. काही दिवसांत ती चालायला लागली. 1950 ला नोबेल. पण लवकरच दिसलं, की या औषधानं काही पेशंट भलतेच खुशीत येतात, काहींची झोप उडते, काहींना भास होतात. आपल्याकडं वाताच्या ‘जडीबुटी’च्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, तेव्हा पुडी खाणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं.

औषध नसलं तरी आजार डोक्यापर्यंत जातोच. सांधे सुजवणारी टीएनएफ, आयएल-6 ही रसायनं मेंदूवरही परिणाम करतात. थकवा, उदासी येते. त्यात रात्रभर दुखणं. झोप नाही म्हणून लक्ष नाही, आणि लक्षच नव्हतं ते आठवणार कसं?

1996 ला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमनं पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर पाहणी सुरू केली. तिथं आमवात साधारण 200 प्रौढांमागे एकाला निघाला. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा 25 लाखांवर. निम्मेच प्रौढ धरा, तरी 6 हजार माणसं होतात. हा माझा ढोबळ हिशेब, पण आकडा लहान नाही.

त्यातली एक माझी आत्या. तपासणीला जाताना ती फक्त बोटं दाखवते. या खेपेला मी कागदावर पहिली ओळ झोपेची लिहून दिलीय, दुसरी विसरण्याची.