न्यूट्रॉन तारा

सूर्याहून सुमारे आठपट किंवा त्याहून जड ताऱ्याचा स्फोट झाल्यावर मागे उरणारा, मुख्यतः न्यूट्रॉनांचा बनलेला गोळा. वस्तुमान साधारणपणे सूर्याच्या १.४ पट. त्रिज्या जेमतेम १२ किमी. मुंबईच्या नकाशावर खारदांड्याच्या किनाऱ्यावर कंपासचे टोक रोवून १२ किमीचे वर्तुळ काढले, तर घाटकोपर, गोरेगाव आणि मुंबई सेंट्रल त्यात येतात, मुलुंड आणि बोरिवली बाहेर राहतात आणि पश्चिमेचा जवळजवळ निम्मा भाग दांड्याच्या कोळ्यांच्या समुद्रात पडतो. एवढ्याशा जागेत साडेचार लाखांहून अधिक पृथ्व्यांचे वस्तुमान कोंबलेले असते. या ताऱ्याविषयीचे बहुतेक थक्क करणारे आकडे या एका कोंबाकोंबीतून निघतात.

मोठ्या ताऱ्याच्या पोटातले इंधन लोखंडापर्यंत जळून संपले की गाभ्याला सावरणारे काही उरत नाही. तो सेकंदाच्याही आत कोसळतो, इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत दाबले जाऊन न्यूट्रॉन तयार होतात आणि बाहेरचे थर अतिनवताऱ्याच्या स्फोटात उधळले जातात. जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी असा तारा असावा, असे सुचवले. तो सापडायला मात्र १९६७ उजाडले. केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या जोसलिन बेल या विद्यार्थिनीला दर १.३३७ सेकंदांनी येणारी रेडिओ स्पंदने आढळली. ती एका फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याची निघाली; अशा ताऱ्याला स्पंदक म्हणतात. १९७४ चे नोबेल पारितोषिक तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना मिळाले, तिला नाही. त्यावरची नाराजी अजून ओसरलेली नाही.

सरासरी घनता घन सेंटिमीटरला सुमारे ४० कोटी टन. दीड मिलिमीटर व्यासाच्या मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा सात लाख टनांच्या आसपास भरेल. लोकप्रिय लेखांत हा ऐवज चमच्यात घेतला जातो, पण चमच्यात तो टिकणार नाही. वरचा दाब सुटताच तो प्रचंड ऊर्जेने फुटून पसरेल आणि मोकळे झालेले न्यूट्रॉन काही मिनिटांत विघटन पावू लागतील. त्यांना बांधून ठेवते ते ताऱ्याचे गुरुत्वच. पृष्ठभागावर ते पृथ्वीच्या शंभर अब्ज पटींहून जास्त असते. एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास खाली पोचेल आणि आदळताना तिचा वेग सेकंदाला सुमारे १,६०० किमी असेल. तेथून सुटायचे तर प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेग हवा. काळही मंदावतो: दूरच्या घड्याळात एक तास होतो तेव्हा पृष्ठभागावरच्या घड्याळात सुमारे ४९ मिनिटे झालेली असतात. अशा गुरुत्वात डोंगर उभे राहत नाहीत. पृष्ठभागावरचा उंचवटा सेंटिमीटरभर असला तरी खूप झाला.

बाहेरचे कवच सुमारे एक किलोमीटर जाडीचे, स्फटिकासारखे घट्ट. त्याच्या तळाशी अणुकेंद्रे दबून लांबट दोऱ्यांचे आणि पातळ पत्र्यांचे आकार घेत असावीत. भौतिकशास्त्रज्ञांनी याला ‘पास्ता’ म्हटले आहे. मराठी माणसाने नाव ठेवले असते तर शेवया आणि पापड सुचले असते. त्याखाली न्यूट्रॉनांचा घर्षणरहित अतिप्रवाही द्रव असतो. काही स्पंदकांची फिरकी मधूनच किंचित वाढते, तो दचका या द्रवाने कवचाला दिलेल्या झटक्यामुळे बसत असावा. केंद्रभागात काय आहे, हा आजच्या भौतिकीतला उघडा प्रश्न आहे.

हात जवळ घेतले की गिरकी घेणारी नर्तकी वेगाने फिरू लागते. आक्रसलेल्या गाभ्याचेही तसेच. खेकडा तेजोमेघातला स्पंदक सेकंदाला ३० वेळा फिरतो. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटाचा तो अवशेष. (दांड्यात खेकड्याला चिंबोरी म्हणतील.) जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून काही जुने स्पंदक पुन्हा वेग धरतात. आजवरचा सर्वांत वेगवान सेकंदाला ७१६ फेऱ्या घेतो, म्हणजे त्याचे विषुववृत्त प्रकाशाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाच्या वेगाने धावते. चुंबकीय क्षेत्रही आक्रसताना दाट होते. पृथ्वीचे सुमारे अर्धा गॉस, साध्या स्पंदकाचे लाख कोटी गॉस, मॅग्नेटार म्हणवल्या जाणाऱ्या अतिचुंबकी न्यूट्रॉन ताऱ्याचे त्याच्याही शेकडो पट. २७ डिसेंबर २००४ रोजी हजारो प्रकाशवर्षे दूरच्या एका मॅग्नेटारच्या भडक्याने पृथ्वीच्या आयनांबराला धक्का दिला होता.

मुंबईच्या रेडिओ गोंगाटात स्पंदकांचे क्षीण स्पंदन ऐकू येणे कठीण, त्यासाठी शहराबाहेर जावे लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ ३२ छोट्या रेडिओ तबकड्या लावून सूर्याच्या निरीक्षणापासून सुरुवात केली. पुढे जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, त्यांच्याच कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) उभी राहिली. भरीव पत्र्याऐवजी दोरांच्या आधारावर ताणलेली तारेची जाळी वापरल्यामुळे तबकड्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. जाळ्याची करामत दांड्यातल्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. जीएमआरटीने शोधलेला पहिला स्पंदक एनजीसी १८५१ या तारकागुच्छातला (२००४). तो सेकंदाला सुमारे २०० वेळा फिरतो आणि त्याची कक्षा कमालीची लांबट आहे.

वेगवान स्पंदकांची नियमितता चांगल्या घड्याळांच्या तोडीची असते. त्यांची वेळ वर्षानुवर्षे मोजणाऱ्या भारतीय आणि युरोपीय गटांनी २०२३ च्या जूनमध्ये, अतिमंद गुरुत्वलहरींची (अवकाशकाळातल्या तरंगांची) खूण दिसत असल्याचे जाहीर केले. त्यात खोडदची मोजमापे होती. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वलहर पकडली गेली, तेव्हाही त्या धडकेतल्या रेडिओ लहरींचा माग काढणाऱ्यांत जीएमआरटी होती. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा धडकांत मोठ्या प्रमाणावर तयार होत असावीत. गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे उभारायची आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी ४ किमी लांबीच्या असतील.