फणा काढणारा प्रत्येक साप नाग नसतो! पाण्याकाठच्या दिवडाची ओळख

विहिरीच्या काठावर एखादा साप मान चपटी करून डोकं उचलतो. कोणीतरी 'नाग, नाग' ओरडतो आणि काठ्या निघतात. अशा वेळी मार खाणारा साप अनेकदा दिवड असतो, पूर्णपणे बिनविषारी.

दिवड म्हणजे कोणता साप?

दिवड, पाणदिवड किंवा विरोळा या नावांनी ओळखला जाणारा हा साप विहिरी, तळी, ओढे, कालवे आणि भातखाचरांत राहतो. त्याचं शास्त्रीय नाव फाउलिया पिस्केटर. 'पिस्केटर' या लॅटिन शब्दाचा अर्थ मासे पकडणारा. मासे आणि बेडूक हेच त्याचं मुख्य अन्न. तो दिवसा आणि रात्रीही शिकार करतो. बगळे, मुंगूस आणि शिकारी पक्षी त्याला खातात.

मादी काठावरच्या बिळात अंडी घालते. एका वेळी साधारण ३० ते ७० अंडी असू शकतात.

नागापेक्षा वेगळा कसा ओळखायचा?

- डोळा: दिवडाच्या डोळ्याजवळून दोन तिरक्या काळ्या रेघा निघतात. ही त्याची सर्वात सोपी खूण.
- अंग: पिवळसर किंवा हिरवट तपकिरी अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके असतात. रंग मात्र बदलतो, त्यामुळे फक्त रंगावर जाऊ नका.
- खवले: दिवडाचे खवले खरखरीत, नागाचे गुळगुळीत.
- फणा: दिवड फक्त मान चपटी करतो. नागासारखा रुंद फणा त्याला नसतो.

मग तो चावतो का?

हो, डिवचलं तर लगेच चावतो आणि जखमेतून रक्तही येतं. पण त्याला विषाचे दात नसतात. जखम साबण-पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सर्वात महत्त्वाचं

'पाण्यातला साप बिनविषारीच असतो' हा समज जिवावर बेतू शकतो. वल्ह्यासारखी चपटी शेपटी असलेले समुद्री साप विषारी असतात, आणि ते कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यातही सापडतात. नागही चांगला पोहतो.

त्यामुळे वरच्या खुणा लांबून बघण्यासाठी आहेत, साप हातात घेण्यासाठी नाहीत. कोणता साप चावला याची खात्री नसेल तर तो विषारी समजूनच थेट रुग्णालय गाठा. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

घरात साप शिरला तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. दिवडाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, त्यामुळे त्याला मारणं गुन्हा आहे. विहिरीत किंवा शेताच्या बांधावर दिसला तर काहीच करायची गरज नाही. वाट मोकळी ठेवा, तो स्वतःच पाण्यात निघून जाईल.