तेल मुरते कुठवर?

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई आम्हां भावंडांना पाटावर बसवी आणि कोमट तेल अंगाला चोळी. "जिरू दे रे, हाडांपर्यंत गेले पाहिजे!" असे ती म्हणे. ते खरोखर कुठवर जाते, हे विचारण्याची आमची छाती नव्हती.

प्रश्न मात्र जुना आहे. सुश्रुतसंहितेतही अभ्यंग आणि लेप यांचे वर्णन आहे. पण लावलेले द्रव्य कातडीत किती खोल गेले, हे पाहावे कसे? शास्त्रज्ञ त्वचेवर चिकटपट्टी लावून उपटीत, आणि तिच्याबरोबर निघालेला पापुद्रा तपाशीत. एकावर एक अशा कित्येक पट्ट्या!

याहून सोप्या वाटेची किल्ली आपल्याच देशात घडली. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांना, कृष्णन यांच्या साहाय्याने, एक गोष्ट दिसली. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलतो; आणि हा बदल ज्या त्या रेणूचा निराळा असतो. जणू रेणूची सहीच! 1930 साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ही सही फार अंधुक. ती वाचण्यास 1960 साली लेसरचा प्रखर झोत मिळाला, आणि पुढे फ्रान्समध्ये लील येथे तिला सूक्ष्मदर्शकाची जोड लाभली.

2001 साली रॉटरडॅमच्या संशोधकांनी जिवंत माणसाच्या त्वचेत, टाचणीही न टोचता, थराथराने पाणी आणि इतर द्रव्ये किती आहेत ते मोजून दाखविले. औषधी मलम रोगाच्या जागी पोचते की वरच राहते, हे पाहण्याची सोय झाली.

मग तेलाचीही पाळी आली. पुढील दहा-बारा वर्षांतल्या प्रयोगांत वनस्पतींची तेले त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या निर्जीव थरातच, तेही त्याच्या वरच्या भागात, थबकलेली आढळली. तळहात-तळपाय सोडले, तर हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून फारसा जाड नाही. हाडे कुठल्या कुठे राहिली!

मग आईचे श्रम फुकट गेले का? मुळीच नाही. वर राहिलेले तेल त्वचेतले पाणी उडू देत नाही. थंडीत अंग फुटत नाही ते यामुळेच.

यंदा हे सारे आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "वरच राहते ना? मग नातवाला जरा अधिकच चोळायला हवे!"