तीन गिटार, एक फोन: जी-थ्रीचा जॅम फोनवर गोंगाट का वाटतो?

जी-थ्री हे बँडचं नाव नाही. अमेरिकन गिटारवादक जो सॅट्रियानी याने १९९६ मध्ये सुरू केलेली ही कॉन्सर्ट टूर आहे. तीन नावाजलेले गिटारवादक घ्यायचे, प्रत्येकाने आपापल्या बँडसोबत स्वतःचा सेट वाजवायचा आणि शेवटी तिघांनी एकाच स्टेजवर येऊन जॅम करायचा, अशी साधी रचना. पहिल्या टूरला सॅट्रियानीसोबत स्टीव्ह वाय आणि एरिक जॉन्सन होते. तिचं रेकॉर्डिंग १९९७ मध्ये ‘जी-थ्री: लाइव्ह इन कॉन्सर्ट’ नावाने आलं. पुढे तिसरी खुर्ची बदलत राहिली. २००३ मध्ये स्वीडनचा इंग्वे माल्मस्टीन होता (डेन्व्हरची डीव्हीडी त्याच टूरची) आणि २००५ च्या टोकियोच्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रीम थिएटरचा जॉन पेट्रुची.

आता अडचण. हा शेवटचा जॅम फोनवर लावला की पहिली दोन मिनिटं भारी वाटतं. मग तिघं एकाच वेळी वाजवायला लागतात आणि नुसता कल्ला ऐकू येतो. ‘स्पीड आहे, पण म्युझिक कुठंय?’ असं म्हणून पुढचा व्हिडिओ लावला जातो. कधीकधी ही तक्रार खरीही असते, जॅममध्ये थोडी हौस आणि थोडा दिखावा असतोच. पण त्या कल्ल्याचा बराचसा भाग स्टेजवर तयार झालेला नसतो. तो तुमच्या हातातल्या फोनमध्ये तयार होतो.

कल्ला नेमका कुठे जन्माला येतो

रॉक गिटारचा तो जाडसर, करकरीत आवाज म्हणजे डिस्टॉर्शन. गिटारचा सिग्नल ॲम्प्लिफायरला झेपणार नाही इतका वाढवला की लहरीची टोकं छाटली जातात. सिग्नल्स अँड सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना ‘नॉन-लिनिअर’ हा शब्द आठवत असेल, तो हाच. टोकं छाटली की मूळ सुरासोबत त्याच्या पटीतले नवे सूर तयार होतात. गिटारची ए तार मोकळी छेडली तर ११० हर्ट्झ. तिच्या २२०, ३३०, ४४० या पटी तारेत आधीपासून असतातच, पण डिस्टॉर्शन त्यांना जोरदार करतं आणि वर आणखी भर घालतं. हे बघायचं असेल तर अँड्रॉइडवर स्पेक्ट्रॉइड नावाचं ॲप आहे. लॅपटॉपवर गिटार लावा आणि फोनचा माइक समोर धरा, शिड्यांसारखी टोकं दिसतील.

खरी गंमत दोन सूर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले की होते. तेव्हा त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही जन्माला येतात. ११० आणि १६५ हर्ट्झ एकत्र वाजवले तर ५५ आणि २७५ मिळतात. सगळे ५५च्या पाढ्यात बसतात, म्हणून आवाज घट्ट आणि भरीव येतो. रॉकमध्ये जिकडेतिकडे दोन सुरांची ‘पॉवर कॉर्ड’ ऐकू येते ती यासाठीच. आता ११० सोबत १३८.६ वाजवा, म्हणजे मेजर कॉर्डमधला तिसरा सूर. वजाबाकी २८.६, बेरीज २४८.६. एकाचा दुसऱ्याशी नीट मेळ नाही. साध्या आवाजात गोड वाटणारी हीच जोडी भरपूर डिस्टॉर्शनमध्ये गढूळ होते.

जी-थ्रीच्या स्टेजवर तीन गिटार आणि प्रत्येकाचा वेगळा ॲम्प असतो. म्हणजे सॅट्रियानीचं डिस्टॉर्शन फक्त सॅट्रियानीच्या सुरांवर चालतं आणि वायचं फक्त वायच्या. स्पीकर कॅबिनेटसमोर अगदी जवळ माइक लावून हे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात आणि नंतर मिक्स करतात. मिक्स करणं म्हणजे निव्वळ बेरीज. तिथे सॅट्रियानी आणि वाय यांच्या सुरांची भेसळ होऊन नवा सूर तयार होत नाही. त्यामुळे चांगल्या हेडफोनवर कान तिघांना सहज वेगळं करू शकतो.

पण हीच बेरीज तुम्ही फोनच्या बारक्या स्पीकरवर फुल व्हॉल्यूमला लावली, तर काय होतं? त्या स्पीकरचा पडदा इवलासा, हलायला जागा जेमतेम. तो स्वतःच डिस्टॉर्ट व्हायला लागतो. आणि यावेळी डिस्टॉर्शन एका गिटारवर नाही, तिन्ही गिटारच्या एकत्र सिग्नलवर चालतं. सॅट्रियानीचा सूर वजा वायचा सूर, वायचा अधिक जॉन्सनचा, असे स्टेजवर कुणीच न वाजवलेले सूर तुमच्या टेबलावर तयार होतात. गोंगाट म्हणतो तो हा. एकटी गिटार वाजत असताना हा दोष फार जाणवत नाही, कारण तिच्या आवाजात तसंही डिस्टॉर्शन असतंच. तिघं एकत्र आले की लगेच उघडा पडतो.

तपासून बघायला खर्च शून्य. जॅमचा तोच तुकडा आधी फुल व्हॉल्यूमला आणि मग चार-पाच पायऱ्या खाली आणून ऐका. आवाज लहान होईल, पण गिटार सुट्या होतील.

बेस गेला की सोलोचा अर्थही जातो

फोनचा स्पीकर काही शे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, बेस गिटारची ४१ची. तरी गिटार ऐकू येते, कारण मूळ सूर गायब असला तरी वरच्या पटींवरून मेंदू तो भरून काढतो. बेस आणि ड्रमचा किक मात्र इतके नशीबवान नसतात. ते मागे पडतात आणि उरते फक्त वरची सुसाट सोलो.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ठेका म्यूट करून नुसत्या ताना ऐकण्यासारखं आहे हे. सम कुठे आली तेच कळत नाही, मग तान कितीही अवघड असली तरी कसरत वाटते.

१९९७ च्या अल्बममधला ‘रेड हाऊस’ यासाठी उत्तम नमुना आहे. गाणं जिमी हेंड्रिक्सचं, बांधणी संथ बारा-बार ब्लूजची. चार मात्रांचा एक बार, असे बारा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार बार मूळ कॉर्डभोवती. पाचव्या बारला कॉर्ड बदलते, सातव्याला परत येते, नवव्याला सगळ्यात जास्त ताण तयार होतो आणि मग घरी परत. बेस ऐकू येत असेल तर पाचव्या बारला पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. वर गिटारवादक तोच सूर धरून बसला असला तरी त्या सुराचा रंग बदलतो. सोलोची पाळीही बहुतेक वेळा अशा आवर्तनाच्या तोंडाशी बदलते. दोन आवर्तनं बोटांवर मोजा, तिसऱ्यापासून पाळी कधी बदलणार याचा अंदाज यायला लागेल.

म्हणून महागडे हेडफोन नसले तरी चालतील, पण कानात नीट बसणारे साधे वायरवाले इअरफोन तरी लावाच. रबरी टोक कानात सैल बसलं की सगळ्यात आधी बेस गळतो. बरेच जण इअरफोन बेकार आहे म्हणतात, तेव्हा फक्त रबराची साइज चुकलेली असते.

डावं, उजवं आणि काही सेटिंग्ज

मिक्स करताना एक गिटार थोडी डावीकडे, एक उजवीकडे, एक मध्ये ठेवायची पद्धत आहे. कोण कुठे आहे हे कानाला कळायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. फोन उभा धरलात तर दोन्ही स्पीकर एकावर एक येतात आणि डावं-उजवं संपतं. आडवा धरा. वायरवाल्या इअरफोनचं एकच टोक कानात घातलंत तर एका बाजूचा आवाज सरळ कापला जातो. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चुकून चालू राहिलेला नाही ना, हेही एकदा बघा.

यूट्यूबच्या गिअरमध्ये ‘स्टेबल व्हॉल्यूम’ नावाचा पर्याय असतो. मोठा आवाज लहान आणि लहान आवाज मोठा करून तो सगळं एका पातळीवर आणतो. पॉडकास्टला छान, इथे घातक. गिटारवादक व्हॉल्यूमची कळ खाली घेऊन हळुवार वाजवतो आणि मग पुन्हा पेटतो, तो फरकच पुसला जातो. फोनचा बेस बूस्ट आणि सराउंडचा इफेक्टही बंद ठेवा. आणि व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या क्लिपवरून कुणाचंही वादन जोखू नका. दर वेळी कॉम्प्रेस होताना तारेवर पिक आपटल्याचा बारीक आवाज सगळ्यात आधी मरतो आणि वादकाची ओळख तर त्यातच असते.

कोण वाजवतंय हे कसं ओळखायचं

कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नका. व्हिडिओ एडिटर एकाचा चेहरा दाखवत असतो, तेव्हा सोलो दुसऱ्याची चाललेली असू शकते. आवाज मात्र कॅमेऱ्याबरोबर बदलत नाही. त्यामुळे ओळख कानानेच करायची.

सॅट्रियानीचा आवाज गुळगुळीत. तो बऱ्याच जागा लेगाटोने वाजवतो, म्हणजे उजव्या हाताने एकदा छेडून पुढचे सूर डाव्या हाताच्या बोटांनी तारेवर ठोकून आणि खेचून काढतो. पिकचा टकटकाट कमी, सूर पाण्यासारखे वाहतात. पेट्रुची याच्या उलट. खाली-वर, खाली-वर असं जवळपास प्रत्येक सुराला पिक, त्यामुळे प्रत्येक सूर कापून ठेवल्यासारखा. टोकियोच्या जॅममध्ये त्याच्या उजव्या हाताकडे बघा आणि सॅट्रियानीच्या डाव्या. माझ्या मते तीन रेकॉर्डिंगमध्ये ही जोडी शेजारी ऐकायला सगळ्यात सोपी, कारण फरक ढळढळीत आहे.

वाय ओळखायला वेळच लागत नाही. गिटारच्या ब्रिजला जोडलेली दांडी, जिला व्हॅमी बार म्हणतात, ती दाबून-खेचून तो सूर असे वाकवतो की गिटार बोलते, हसते, कण्हते. हातातली आयबानेझ जेम, अंगाला उचलायची मूठ कोरलेली. गंमत म्हणजे हा लहानपणी सॅट्रियानीचाच विद्यार्थी. गुरू शिष्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा. पुढे फ्रँक झप्पाच्या संगीताचं नोटेशन लिहून देता देता वाय त्याच्या बँडमध्ये पोहोचला. पहिल्या अल्बमच्या जॅममध्ये झप्पाचं एक गाणं आहे, ते ऐकताना हे ध्यानात ठेवा.

माल्मस्टीनच्या स्ट्रॅटोकास्टरचा आवाज जरा तिखट, आणि चाल युरोपच्या जुन्या व्हायोलिन संगीताची. त्याच्या गिटारच्या पट्टीवर पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असतं. बोट लाकडाला टेकत नाही, फक्त तारेला. सतार जवळून पाहिली असेल तर कल्पना लगेच येईल.

जॉन्सनकडे मात्र वेगळ्या कानाने जावं लागतं. त्याचा आवाज या सगळ्यांत स्वच्छ, कधी घंटेसारखा, कधी व्हायोलिनसारखा. पेडलमध्ये कुठल्या कंपनीची बॅटरी आहे ते याला आवाजावरून कळतं, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी असो, पण फोनच्या स्पीकरवर सगळ्यात जास्त अन्याय होतो तो यावरच.

ब्लूटूथ आणि स्लो मोशन

१६० च्या लयीत एका मात्रेला चार सूर वाजवले तर एका सुराला साधारण ९४ मिलिसेकंद मिळतात. साध्या ब्लूटूथ इअरबडमध्ये आवाज सहज २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. म्हणजे बोटं दोन सूर पुढे, आवाज मागे. यूट्यूबसारखी ॲप्स हा उशीर मोजून चित्रही थोडं थांबवतात, त्यामुळे बघताना बहुतेकदा जमून जातं. पण तुम्ही स्वतः गिटार घेऊन सोबत वाजवणार असाल तर वायरच लावा, तिथे कुठलंच ॲप मदत करू शकत नाही.

बोटं कशी चालतात ते बघायला प्लेबॅक स्पीड कमी करता येतो. सुराची उंची तीच ठेवून वेळ ताणायची, तर सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करतं आणि एकमेकांवर चढवून जोडतं. ०.७५ वर हे बरं जमतं. ०.५ वर पिकचा आघात फासला जातो आणि पेट्रुचीसुद्धा सॅट्रियानीसारखा ऐकू यायला लागतो. तिथे आवाज बंद करून फक्त हात बघा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत वर काढलेल्या एका सुराला जेमतेम तीन फ्रेम येतात, त्यामुळे वेगवान जागी बोटं धूसर दिसणारच, तो तुमच्या नेटचा दोष नाही.

सुरुवात १९९७ च्या अल्बमपासून करा, पण थेट जॅमवर उडी मारू नका. आधी प्रत्येकाच्या सेटमधलं एकेक ऐका: सॅट्रियानीचं ‘फ्लाइंग इन अ ब्लू ड्रीम’, जॉन्सनचं ‘मॅनहॅटन’, वायचं ‘फॉर द लव्ह ऑफ गॉड’. तिघांचे आवाज कानात बसले की मग ‘रेड हाऊस’ लावा, आणि स्क्रीन बंद ठेवून.