दहा दिवस भेट, सहा महिने पत्रं

वारकरी संसार सोडत नाही. शेती, दुकान, पोरंबाळं सांभाळून आषाढी-कार्तिकीला पंढरपूर गाठतो आणि घरी परततो. उरलेलं वर्ष नित्यनेम घरीच. अमेरिकेत लेखन शिकवण्याची एक पद्धत साधारण अशीच चालते. तिचं नाव 'लो-रेसिडेन्सी एमएफए'. वर्षातून दोनदा, बहुधा जानेवारीत आणि जुलैमध्ये, दहाएक दिवस कॉलेजात राहायचं. बाकीचे महिने आपल्या गावी, आपली नोकरी करत लिहायचं. दोन-अडीच वर्षांत पदव्युत्तर पदवी.

ऐकायला ही कोविडनंतरची ऑनलाइन सोय वाटते. पण ही पद्धत टपालाच्या काळातली आहे.

आधी जुना रस्ता बघू. आयोवा विद्यापीठाचा 'रायटर्स वर्कशॉप' 1936 साली सुरू झाला आणि पुढे अमेरिकाभर तोच साचा पसरला. दोन वर्षं त्या गावात जाऊन राहायचं, टेबलाभोवती बसायचं, एकाची कथा बाकीच्यांनी उलगडायची. मराठी वाचकाला आयोवा माहीत असतं ते बहुधा दिलीप चित्र्यांमुळे. 1975 साली ते तिथे गेले, पण ते वेगळ्या कार्यक्रमात. 1967 पासून चालणारा 'इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम' देशोदेशीच्या प्रस्थापित लेखकांना बोलावतो, पदवी देत नाही. दोन्हीकडे अट मात्र एकच: घरदार सोडून या.

आता, घरदार सोडून कोण जाऊ शकतं? विशीतला, एकटा, शिष्यवृत्ती मिळालेला माणूस. दोन मुलांची आई नाही जाऊ शकत. शिफ्टमध्ये काम करणारी नर्स नाही जाऊ शकत.

हा प्रश्न व्हरमाँट राज्यातल्या प्लेनफील्ड गावच्या गॉडर्ड कॉलेजनं आधीच हातात घेतला होता. 1938 साली इथे आलेल्या या छोट्या कॉलेजचे अध्यक्ष रॉइस पिटकिन हे जॉन ड्युईच्या विचारांचे. माणूस करत करत शिकतो, यावर त्यांचा विश्वास. 1963 मध्ये गॉडर्डनं प्रौढांसाठी पदवी अभ्यासक्रम काढला. त्याची आखणी एव्हलिन बेट्स यांची. शिक्षण अर्धवट राहिलेली मोठी माणसं थोडे दिवस कॅम्पसवर यायची, शिक्षकासोबत सहा महिन्यांचा बेत ठरवायची आणि घरी जाऊन पत्रव्यवहारानं तो पार पाडायची.

कवयित्री एलेन ब्रायंट व्हॉइट यांनी 1976 मध्ये हाच साचा लेखनाच्या एमएफएला लावला. त्या स्वतः 1966 च्या आयोवाच्या पदवीधर, म्हणजे जुना रस्ता आतून पाहिलेल्या. त्यांच्यासोबत शिकवायला जे तरुण लेखक होते त्यांत टोबायस वूल्फ होते आणि लुईस ग्लुक होत्या. हो, 2020 चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या त्याच. विद्यार्थ्यांत मेरी कार होत्या, ज्यांची आत्मचरित्रं पुढे गाजली.

1981 पर्यंत गॉडर्ड पैशाच्या अडचणीत सापडलं. व्हॉइट यांचा कार्यक्रम नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन विल्सन कॉलेजात हलला. त्याच वर्षी व्हरमाँटमधल्याच माँटपेलियरला व्हरमाँट कॉलेजनं याच धर्तीचा कार्यक्रम सुरू केला. 1994 मध्ये बेनिंग्टन कॉलेज आलं. मग असे कार्यक्रम देशभर निघाले.

या पद्धतीबद्दल बोलताना लोक त्या दहा दिवसांबद्दल बोलतात: व्याख्यानं, रात्रीची वाचनं, जानेवारीचा बर्फ. मजा येतेच. पण खरं शिक्षण होतं ते मधल्या महिन्यांत, आणि त्याचं साधन म्हणजे 'पॅकेट'. एका शिक्षकाकडे जेमतेम चार-पाच विद्यार्थी. दर तीन-चार आठवड्यांनी विद्यार्थी पॅकेट पाठवतो. त्यात नवं लेखन, जुन्याचा नवा खर्डा, वाचलेल्या पुस्तकांवरची छोटी टिपणं आणि शिक्षकाला एक पत्र. टिपणात 'पुस्तक आवडलं' एवढं चालत नाही. लेखिकेनं वीस वर्षांचा काळ एका परिच्छेदात कसा उडवला, संवाद कुठे तोडला, ते दाखवायचं. शिक्षक सगळं वाचून लांबलचक उत्तर लिहितो. पूर्वी हे टपालानं जायचं, आता ईमेलनं जातं. यासाठी आठवड्याला वीस-पंचवीस तास काढावे लागतात, नोकरी करून.

वर्गात दहाजण तासभर बोलतात. कोण मोठ्यानं बोललं तेच लक्षात राहतं. पत्र पुन्हा काढून वाचता येतं. आणि लिहिण्याची सवय लागते ती आपल्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलं झोपल्यावर. पदवी मिळाल्यावरही लिहायचं तिथेच असतं.

पत्रातून लेखक घडवणं मराठीला मात्र नवं नाही. मौज प्रकाशनाच्या 'सत्यकथा' मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक हस्तलिखितं बारकाईनं वाचायचे, शंका काढायचे, लेखकाशी पत्रांतून चर्चा करायचे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, माणसांपासून चार हात लांब राहत. त्यांच्या कथा मुंबईच्या 'सत्यकथे'त यायच्या. त्यांच्या निवडक पत्रांचे खंड चाळा: साहित्याशी त्यांचं किती नातं टपालानं जोडलेलं होतं ते कळेल. फी नव्हती, पदवी नव्हती.

पण दार सगळ्यांना उघडं नव्हतं. कुणाला सविस्तर पत्र येणार आणि कुणाचं लेखन 'साभार परत' येणार, हे एका मासिकाच्या अभिरुचीवर ठरायचं. त्याविरुद्धचा राग लघुनियतकालिकांच्या पिढीत साचला होता; 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'ची होळी केली. 1982 मध्ये मासिक बंद पडलं, आणि ती शिस्तीची पत्रंही त्याच्याबरोबर गेली.

अमेरिकन पद्धतीत पत्र हा विद्यार्थ्याचा हक्क असतो. प्रवेश मिळाला, फी भरली की उत्तर येणारच. पण फी भरावी लागते, आणि ती भली मोठी असते. म्हणजे तिथे अभिरुचीचं दार, इथे पैशाचं.

तुमच्यापैकी कुणी हा रस्ता धरणार असेल तर दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. वर्षातून वीसच दिवस कॅम्पसवर असल्यामुळे बहुतेक लो-रेसिडेन्सी कार्यक्रमांवर एफ-1 व्हिसा मिळत नाही. एच-1बीवर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना नोकरी सांभाळून शिकता येतं. दुसरी गोष्ट भाषेची. स्पॅनिशसाठी टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो शाखेत द्वैभाषिक एमएफए आहे. मराठीतून लिहिणाऱ्यासाठी तसं काही नाही.

मग मराठीचं काय? बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्येच स्थापन झालं, आणि त्याचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. गाणी, नाटकं, कविसंमेलनं, पुरणपोळी, सगळं असतं. म्हणजे आपल्याकडे भेट आहे. नाही ते मधल्या महिन्यांचं पत्र. कविता वाचली, टाळ्या पडल्या, व्हॉट्सॲपवर अंगठे आले, संपलं. तिसऱ्या कडव्यात सूर का घसरतो, हे कुणी लिहून कळवत नाही.

गॉडर्ड कॉलेज 2024 मध्ये कायमचं बंद झालं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे 1,900 विद्यार्थी होते, शेवटी 220 उरले. कॉलेज गेलं तरी पद्धत राहिली, कारण तिला इमारत फारशी लागत नाही. लागतात ती दोन माणसं आणि एक तारीख. न्यू जर्सीतली एक मुलगी आणि मेलबर्नमधला एक मुलगा हे उद्यापासून करू शकतात: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा पानं मराठीत पाठवायची, समोरच्यानं दोन आठवड्यांत दोन पानांचं उत्तर लिहायचं, मराठीतच. 'छान' हा शब्द न वापरता.