टाकाऊ पडसादाची कुळकथा

कालिदासाच्या यक्षाने ज्या रामगिरीवरून ढगाला निरोप दिला, तो रामटेकचाच डोंगर, असे वा. वि. मिराशींनी साधार मांडले. यक्षाच्या कामी आलेला आषाढातला तो ढग उपग्रहातल्या कॅमेऱ्याला मात्र आडवा येतो. रामटेक, मौदा, पारशिवनी हा नागपूर जिल्ह्याचा धानपट्टा. इथे पऱ्हे टाकण्यापासून चिखलणी आणि रोवणीपर्यंत सारे ऐन पावसात उरकायचे. धान किती क्षेत्रात लागले हे बघायचे दिवस आणि आभाळ झाकलेले दिवस एकच. यावर तोडगा निघाला तो ढगांआडूनही पाहणाऱ्या रडारचा; त्याचे कूळ शेतीतले नाही, आरमार आणि हवाई दलातले आहे.

१९०४ मध्ये ख्रिस्तियान ह्युल्समायर या जर्मन संशोधकाने रेडिओलहरींच्या पडसादावरून जहाज हुडकणारे यंत्र दाखवले. दुसऱ्या महायुद्धात रडार विमाने शोधत होते. पडद्यावर विमानाच्या ठिपक्यासोबत जमीन, झाडे आणि पाऊस यांचेही पडसाद उमटत. रडारवाल्यांच्या लेखी ती निव्वळ अडगळ, पुसून टाकायची. पुढे १९५१ मध्ये अमेरिकेतल्या कार्ल वायली यांनी, चालत्या विमानावरचा लहान अँटेना लांबलचक अँटेनाचे काम कसे करू शकेल, याची युक्ती मांडली. तिच्यामुळे रडारला ठिपक्यांऐवजी जमिनीचे बारीक चित्र काढता येऊ लागले.

त्या अडगळीत शेती आहे, हे नीट मोजून दाखवण्याचे मोठे काम १९७० च्या दशकात कॅन्सस विद्यापीठात फव्वाझ उलाबी यांनी केले. ट्रकवर रडार चढवून त्यांनी शेतांचे पडसाद नोंदले. विद्युत गुणधर्मांच्या ज्या मापावर पडसादाचा जोर ठरतो, ते कोरड्या मातीत ३ च्या आसपास असते आणि पाण्यात ८० च्या घरात. म्हणून माती ओलावली की पडसाद वाढतो. पण ढेकळांनीही तो वाढतो आणि दाट पिकाखाली मातीचा आवाज दबतो. ओल मोजायची तर ही वजाबाकी करावीच लागते. १९७८ मध्ये ‘सीसॅट’ उपग्रहाने हे चित्र काढणारे रडार अवकाशात नेले. तो साडेतीन महिन्यांत बंद पडला, पण वाट दाखवून गेला.

धानाची गोष्ट यात सर्वांत सोपी निघाली. चिखलणी झालेल्या बांधीत पाणी सपाट पसरते, लहरी त्यावरून पलीकडे घसरतात आणि चित्रात बांधी काळी दिसते. रोवणीनंतर काड्या वाढल्या, फुटवे आले, की लहरी पाणी आणि काड्या यांच्यात आपटून परत फिरतात आणि बांधी उजळते. रामटेकजवळचा खिंडसी तलाव जवळपास काळाच राहतो, रोवलेली बांधी काही आठवड्यांत उजळते. वेगवेगळ्या तारखांची चित्रे लावून हा फरक वाचला की धान ओळखू येते.

नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ मध्ये उभे राहिले. त्याच वर्षी आपला आयआरएस-१ए उपग्रह अवकाशात गेला, पण त्यावर कॅमेरे होते, रडार नव्हते. खरिपातल्या भातासाठी मग कॅनडाच्या ‘रडारसॅट’ची चित्रे वापरात आली. २६ एप्रिल २०१२ रोजी रिसॅट-१ हा देशी बनावटीचा रडार उपग्रह निघाला आणि २०२२ मध्ये त्याचा वारसदार ईओएस-०४. युरोपच्या सेंटिनेल-१ ची चित्रे २०१४ पासून फुकट मिळू लागली. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासाचा ‘निसार’ श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी आधीच्या साडेपाच सेंटिमीटरच्या लहरींपेक्षा पानोऱ्यात खोल शिरतात. दर १२ दिवसांनी तो त्याच मार्गावर परत येतो.

आता या पडसादाशी पैशाचाही संबंध आला आहे. २०२३ च्या खरिपापासून केंद्राच्या पीकविमा योजनेत धानाचे उत्पन्न ठरवताना दूरसंवेदनावरच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचा नियम आला. बाकीचा भार पीक कापणी प्रयोगांवर. त्यांची नमुना-पद्धत १९४० च्या दशकात बसवण्यात साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा मोठा हात. वजनाची ही वाटणी रास्त आहे. रडारला पाणी कळते, काड्यांची दाटी कळते, लोंबीत भरलेला दाणा थेट कळत नाही. रोवणी झाली होती का, बांधी किती दिवस बुडून होती, या वादात त्याची साक्ष भक्कम धरावी. एकरी किती पोती झाली, या वादात ती एकटी पुरेशी मानू नये.