टर्बो इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान

टर्बोचार्जरने दाबलेली हवा सिलिंडरमध्ये शिरण्यापूर्वी किती गरम आहे, हे सांगणारे मोजमाप. गॅरेजमध्ये आणि गाड्यांच्या शौकिनांत त्याला ‘इंटेक टेम्परेचर’ किंवा नुसते ‘आयएटी’ म्हणतात. टर्बो पेट्रोल इंजिनाची प्रकृती ज्या मोजक्या आकड्यांवरून कळते त्यांतला हा एक. लोक त्याची एकच सुरक्षित मर्यादा विचारतात. सर्व गाड्यांना लागू पडेल अशी मर्यादा नाही. बाहेरच्या आणि आतल्या हवेतला फरक किती आहे आणि तो किती वेळात ओसरतो, हे पाहायचे असते.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते. टर्बोत तेच घडते, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. बाहेर ४०° से. तापमान असताना हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १३८° से. तापमानाने बाहेर पडते. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरने या वाढीतला ७० टक्के भाग काढून घेतला, तर इंजिनाला सुमारे ६९° से.ची हवा मिळते. एवढ्या थंड होण्याने हवेची घनता जवळजवळ २० टक्क्यांनी वाढते, म्हणजे त्याच जागेत तेवढा जास्त ऑक्सिजन मावतो. इंटरकूलरमध्ये थोडा दाब खर्ची पडतो, म्हणून प्रत्यक्षातला लाभ याहून किंचित कमी. आता हीच गाडी, हाच दाब, पण बाहेर २५° से. असे धरले तर इंजिनाजवळची हवा सुमारे ५३° से. निघते. ६९ आणि ५३ हे आकडे दोन वेगळ्या गाड्यांचे वाटतात. पण बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, असे विचारले तर उत्तर दोन्ही वेळा २८-२९ अंश येते. इंटरकूलर ठणठणीत आहे की नाही, हे या फरकावरून कळते.

असे असले तरी प्रत्यक्ष आकडा दुर्लक्षून चालत नाही, कारण इंजिनाला सोसावी लागते ती त्या तापमानाची हवा. गरम हवेमुळे सिलिंडरमधले शेवटचे न जळलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटते. हेच नॉकिंग. ते वारंवार झाले तर पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात, पिस्टनचा माथा झिजतो, गॅस्केट जाते. ते टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो, बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) कमी करतो आणि गरज पडल्यास पेट्रोल वाढवतो. उन्हाळ्यात गाडी ‘मेल्यासारखी’ चालते याचे कारण बहुधा हेच असते. उशिरा ठिणगी पाडल्याने ज्वलन लांबते आणि एक्झॉस्ट अधिक तापतो, त्यामुळे संरक्षणाचा हा उपाय टर्बोवर भार टाकूनच मिळतो.

हा प्रश्न टर्बो मोटारीइतकाच जुना आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी टर्बोचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बो गाड्या बाजारात आल्या. जेटफायरच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०.२५ होते, टर्बोच्या मानाने फार मोठे. नॉकिंग रोखण्यासाठी तिच्यात पाणी आणि मेथनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती. त्याची टाकी वेगळी भरावी लागे आणि मालक ती भरायला विसरत. पोर्शने १९७५ मध्ये ९११ टर्बो आणली ती इंटरकूलरशिवाय. १९७८ च्या ३.३ लिटरच्या आवृत्तीत तो बसवला. साबने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉकिंग ऐकणारा सेन्सर बूस्टच्या नियंत्रणाला जोडला, आणि तिथून इंजिन स्वतःला सांभाळू लागले.

तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे एक साधा थर्मिस्टर: गरम झाला की त्याचा विद्युतरोध घटतो. बॉशच्या एका प्रचलित सेन्सरचा रोध २०° से.ला २,५०० ओहम, तर ८०° से.ला सुमारे ३२० ओहम असतो. गोंधळ होतो तो जागेवरून. काही गाड्यांत तो एअर फिल्टरच्या पेटीत, हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या मीटरमध्ये असतो; काहींत इंटरकूलरनंतर मॅनिफोल्डवर; अनेकांत दोन्हीकडे. फिल्टरजवळचा आकडा टर्बोने हवा किती तापवली याबद्दल काहीच सांगत नाही. आपली गाडी कुठला आकडा दाखवते हे ओळखायची युक्ती सोपी आहे: मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये काही सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. आकडा जागचा हलला नाही, तर तो बहुधा टर्बोच्या आधीचा.

अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या पद्धतीत हे तापमान मागवता येते आणि आपल्याकडच्या आधुनिक गाड्यांतही स्टिअरिंगखालच्या सॉकेटला अडॅप्टर लावून ते मोबाइलवर दिसते. संदेशात एकच बाइट असते आणि तीतून ४० वजा करतात. म्हणून आकडा –४० ते २१५ या कक्षेत राहतो. नागपूरच्या उन्हात पडद्यावर –४० दिसले, तर सेन्सरची वायर तुटली किंवा कनेक्टर निसटला असे समजावे. पी०११३ हा कोड त्याच दोषाचा. सेन्सर खरे बोलतो का, हे रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी पाहावे: नुसते इग्निशन चालू करताच बाहेरची हवा, इंजिनाचे पाणी आणि आयएटी हे तिन्ही आकडे दोन-चार अंशांत जुळले पाहिजेत. चालत्या गाडीत आकडे वाचण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे, चालकाने नव्हे.

इंटरकूलरनंतरच्या सेन्सरसाठी ठोकताळा असा. महामार्गावर संथ वेगात बाहेरपेक्षा १० ते २० अंश जास्त ही निरोगी स्थिती. जोर लावल्यावर हा फरक ३० अंशांच्या आसपास चढून पाय काढताच आकडा उतरू लागला, तरी ठीक. ६०° से.च्या पुढे बरीच पेट्रोल इंजिने ठिणगी मागे घेऊ लागतात. ८०° से. ओलांडून आकडा तिथेच टिकला, तर पाय सैल करावा. हे ठोकताळे आहेत. निर्मात्याने दिलेली मर्यादा असेल तर तीच खरी.

सिग्नलला उभ्या गाडीत आकडा चढतो, कारण बॉनेटखालची उष्णता इंटरकूलरमध्ये आणि सेन्सरच्या धातूत मुरते. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये इंटरकूलर थेट इंजिनाच्या डोक्यावर असल्याने हा त्रास प्रसिद्ध आहे. गाडी वेगात आल्यावर आकडा उतरला, तर काळजी नाही. तो उतरत नसेल, तर पुढच्या जाळीत साचलेला चिखल, वाकलेल्या पट्ट्या, समोर ठोकलेला बुलबार किंवा जादा दिवे पाहावेत. पाण्याने थंड होणाऱ्या इंटरकूलरात संशय आधी त्याच्या पंपावर घ्यावा. रबरी नळीला गळती असेल तर ठरलेला बूस्ट गाठण्यासाठी टर्बोला जास्त दाबावे लागते आणि तापमान वाढते.

घाट ही इंटरकूलरची खरी कसोटी, कारण तिथे जोर पूर्ण आणि वेग कमी. उंचीही भर घालते. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८६ टक्के असतो. तिथे मुंबईइतकाच दाब मॅनिफोल्डमध्ये गाठायचा तर टर्बोला दुपटीऐवजी जवळपास २.३ पट दाबावे लागते, आणि प्रत्येक जादा पटीबरोबर उष्णता येते.

डिझेल इंजिनाला या अर्थाने नॉकिंगचे भय नाही; तिथे गरम हवेने घनता घटते, एक्झॉस्ट तापतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांना बाष्पीभवनाचा थंडावा मिळतो, तोही सेन्सरच्या पलीकडे, म्हणून तो आकड्यात दिसत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात हा थंडावा अधिक असतो.

धोका सर्वांत जास्त रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले तक्ते बदललेल्या गाडीत. बूस्ट वाढवला जातो, इंटरकूलर मात्र जुनाच राहतो, आणि कारखान्याने ठेवलेली उन्हाळ्याची राखीव जागा खर्च होते. काही रीमॅपमध्ये तापमानावरून ठिणगी मागे घेण्याचा तक्ता सौम्य केलेला असतो. तशी गाडी हिवाळ्यात उत्तम पळते. रीमॅप करून घेणाऱ्याने तो तक्ता बदलला आहे का, हे कामापूर्वीच विचारावे, आणि डिसेंबरातल्या नोंदींवर समाधान न मानता मे महिन्यातल्या दुपारी घाट चढताना त्या पुन्हा घ्याव्यात.